ध्वनीची फेरी

प्रश्नमंजूषेची शेवटची फेरी ध्वनीची होती. ट्रान्झिस्टर, मेमरी, प्रोसेसर असले प्रश्न प्रसन्नने सांभाळले होते. आता हेमांगीची पाळी होती. दोघं मिळून रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवत. हल्ली गायक तिने मिक्स केलेली गाणी कर्कश लागतात म्हणायचे, तेवढं एक मनात खुपत होतं.

“सूर ऐका आणि किती हर्ट्झचा ते सांगा,” सूत्रसंचालक म्हणाले.

बझरवर बोट ठेवून हेमांगी सुराची वाट बघत राहिली. तेवढ्यात समोरच्या संघाने बझर दाबला.

“आठ हजार.”

“बरोबर.”

ती चिडून प्रसन्नकडे वळली. “सूर वाजायच्या आधीच उत्तर कसं दिलं त्यांनी?”

प्रसन्न तिच्याकडे बघतच राहिला. “अगं, तो अजून वाजतोय.”

तिने समोर पाहिलं. पहिल्या रांगेतली माणसं कानांवर हात दाबून बसली होती.