आधी तुम्ही सांगा

"आजोबा, तुमची माहिती चोरीला गेलीय," फोनवरचा माणूस म्हणाला. "मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. खातं वाचवायचं असेल तर घाई करा."

निवृत्त ग्रंथपालांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पेन्सिल हातात घेतली. स्वयंपाकघरातून बायकोनं डोकं बाहेर काढून खूण केली, ठेवा तो फोन!

तिचा जीव टांगणीला लागला होता. नोकरीभर साठवलेलं सगळं त्या एका खात्यात होतं.

पण ग्रंथपालही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पार्सलच्या खोक्यावरचा पत्ता खरवडल्याशिवाय ते खोकं रद्दीत टाकत नसत. वाढदिवस कधी, असं कोणी विचारलं तर "कशाला हवाय?" म्हणत.

"तुम्ही बँकेचेच कशावरून?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्यानं धडाधड जन्मतारीख सांगितली.

"ती काय, दवाखान्यातही लिहिलेली असते. पुढं बोला."

त्यानं ग्राहक क्रमांक सांगितला. ग्रंथपालांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवला.

"लिहिताय काय?" बायको कुजबुजली. "नादी लागू नका त्याच्या!"

"चोराचं बोलणं टिपून ठेवावं," तेही कुजबुजले. मग मोठ्यानं म्हणाले, "गुप्त प्रश्न कोणता?"

"तुमची सर्वात आवडती व्यक्ती."

"आणि उत्तर?"

"गणिताच्या बाई."

बायकोच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं. "अस्सं!"

"अगं, चौथीतल्या," ग्रंथपाल घाईनं म्हणाले.

"आजोबा, आता तरी पटलं?"

"छे! एवढं कोणीही सांगेल. खरे बँकेचे असाल तर पासवर्ड सांगा. नाहीतर ठेवतो मी फोन."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. माणूस पुरता जेरीला आला होता. त्यानं एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली.

"के मोठा की लहान?" ग्रंथपालांनी मध्येच विचारलं.

"लहान! अहो, पासवर्ड तुमचाच आहे ना?"

"खात्री करून घेतोय."

शेवटचं अक्षर झालं आणि मोबाईल टुणकन वाजला.

"आता सहा आकडे आलेत बघा," पलीकडचा मधाळ आवाजात म्हणाला. "तेवढे सांगा, की तुम्ही सुटलात."

बायको धावतच आली. "सांगाल तर याद राखा!"

ग्रंथपालांनी तिला हातानं थांबवलं, फोनवर वाकले आणि अगदी मनापासून म्हणाले, "आकडे राहू द्या हो. तीन महिने बँकेत खेटे घालतोय, मला यातलं एक अक्षर आठवत नव्हतं आणि तिथं कोणी सांगायला तयार नव्हतं. फार उपकार झाले. आता सगळं बदलूनच टाकतो."