जेवणाआधीची वीस मिनिटं

पचनाची कॅप्सूल घेतली की वीस मिनिटं पेपर न उघडता बसायचं, मगच जेवायचं, असा बायकोचा दंडक. "औषधाला पोटात पोचू तर द्या," म्हणायची आणि समोर बसून गप्पा मारायची. अकरा वर्षं. ती गेल्यावरही मी तसाच बसतो. ऊन टेबलावरून तिच्या खुर्चीवर सरकतं आणि ती बोलतेय असं वाटत राहतं.

औषध नेहमी तीच आणायची. काल मी गेलो. डॉक्टर म्हणाले, "वीस मिनिटं कशाला, काका? ही पहिल्या घासाबरोबरच घ्यायची. काकूंना तेव्हाच सांगितलं होतं."

घरी येऊन कॅप्सूल घेतली, ताट झाकून ठेवलं.

"लबाड कुठली," मी समोरच्या खुर्चीला म्हणालो, "अर्धा तास सांगायचं होतंस."