वायरीचा पंचनामा

"वायर काळी, जाड, हिरव्या पाइपात दडवलेली," पुंडलिकरावांनी पंचनाम्याची दुसरी ओळ मोठ्यानं वाचली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण पंचनाम्याची खाज काही गेली नव्हती. यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या आठ घरांच्या त्या बिल्डिंगचे ते अध्यक्ष. आज सकाळी सहालाच त्यांनी सगळ्यांना पंच म्हणून पार्किंगमध्ये उभं केलं होतं.

मुद्देमाल होता बिल्डिंगमधल्याच शीलाची इलेक्ट्रिक कार. शीला बाभुळगावला नर्स. ड्युटीच्या वेळेला एसटी नाही, म्हणून तिनं गाडी घेतली आणि पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागितला. "उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात. त्यात तुमची गाडी लावली, तर अख्ख्या बिल्डिंगची लाईन जाईन," असं म्हणून पुंडलिकरावांनी अर्ज फेटाळला. शिवाय पार्किंगमधल्या एकुलत्या एक सॉकेटला कुलूप ठोकलं, तिला स्वतःच्या घरूनही वायर सोडायला मनाई केली आणि तिच्या मीटरवर रोज नजर ठेवली. तरी दोन महिने गाडी रोज त्यांच्या नाकासमोरून ऐटीत बाहेर पडत होती. पुंडलिकरावांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, की जो तिला वीज देईल त्याच्या कूलरचं पाणी बंद, आणि गाडी कायमची फाटकाबाहेर.

आज ते दोन तास आधी उठले आणि गाडीखालून निघालेली वायर हाती लागली. पण ती भिंतीवर चढून कुठे गेली, ते कळेना. प्रत्येक घरातून कूलर भरायचे हिरवे पाइप लोंबत होते. म्हणून वायरमन लालसिंगला बोलावलं होतं. तो शिडीवर फारच सावकाश चढत होता.

"अरे, कोणाच्या घरात गेली ते सांग ना लवकर!"

"पाहून राह्यलो ना साहेब. घाई कायले करता?"

शीला गाडीला टेकून ओढणीचं टोक पिळत होती. गाडी बाहेर काढली तर रस्त्यावर तिला वीज कोण देणार, हे पुंडलिकरावांनाही कळत होतं. खरं सांगायचं तर त्यांना थोडं वाईटही वाटलं. पण आता माघार घेतली असती तर अध्यक्षपदाची काय शोभा राहिली असती?

लालसिंगनं पाइप ओढला. पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराची खिडकी खडखडली आणि उघडली. आत पुंडलिकरावांची बायको उभी होती.

"विजयमाला! आपल्या घरून?"

"आज गुरुवार आहे ना," हाताची कणीक झटकत ती म्हणाली. "गुरुवार आपला असते. सोमवार तुळसाबाईचा, मंगळवार ममताचा. सात घरं, सात दिवस. ज्या घरची वीज, त्या घरच्या बाईले शीला संध्याकाळी गाडी शिकवते. मले तर रिव्हर्सबी येते."

सगळे पंच आपापल्या चपलांकडे पाहू लागले. लालसिंग वरूनच म्हणाला, "सातही घरी पॉइंट मीच बसवून देल्ला, साहेब. दोन महिन्यात एकदा तरी लाईन गेली काय? अन् आता पाणी कोणाकोणाचं बंद करता?"

पुंडलिकरावांचे कान लाल झाले. नोकरीत त्यांनी शेकड्यांनी पंचनामे केले होते, पण पंच आणि आरोपी एकच असण्याचा प्रसंग आला नव्हता. शीलानं हळूच तो जुना अर्ज पुढे केला. त्यावर सात घरच्या बायांच्या सह्या झालेल्या होत्या. अध्यक्षांची जागा तेवढी मोकळी होती. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि सही ठोकली.

मग मान वर करून अगदी रडवेल्या आवाजात विचारलं, "पण मी अध्यक्ष आहे ना ह्या बिल्डिंगचा? मग मलेच काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाले अध्यक्ष काहून केलं, ते तरी कुठी सांगतलं?" विजयमाला म्हणाली. "रिटायर झाल्यापासून घरी बसून माह्या फोडणीचा पंचनामा करत होते, म्हणून आम्ही बायाइनंच मिळून केलं."