कोपऱ्यातली चौकट

टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या, की टोकियोतल्या आमच्या घरी फोन वाजायचा. पलीकडे माझ्या सासूबाई, फुसाए. समुद्रात पार लांबच्या बेटावर एकट्याच राहायच्या. ते बेट टीव्हीच्या नकाशात मावत नाही, म्हणून टोकियोजवळच्या कोपऱ्यात चौकट काढून त्यात दाखवतात.

"तेत्सुरो, बघितलंस? मी तुझ्या दाराशीच आहे. चपला सरकव पायात आणि ये."

"आई, ती नुसती चौकट आहे गं. बोटीला अख्खा दिवस लागतो, आणि तीही आठवड्यातून एकदाच."

"आमच्या बेटामुळे देशाला एवढ्या समुद्रावर हक्क मिळाला. आणि आम्हाला काय? तर कोपऱ्यात चौकट!"

"मग तूच ये ना इकडे राहायला."

"येईन की! आधी न्यायला तर ये."

"सुट्टी मिळाली की येतो."

यावर त्या खूप हसायच्या, आणि लिंबं पाठवलीत, लोणचं घाला म्हणून बजावायच्या. दर बोटीने लिंबं यायची. नवऱ्याला सुट्टी तेवढी मिळायची नाही.

गेल्या आठवड्यात मात्र मिळाली, मागताक्षणी. साहेबांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. तेत्सुरो बोटीने गेला आणि आईंना घरी घेऊन आला.

आता टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, उदबत्तीच्या धुरामागे असतात त्या.



चौकटीतच.