ॲम्ब्युलन्सचं मूळ

सायरन नुसताच कोकलत होता. रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि हॉस्पिटलचा बोर्ड तर समोरच्या चौकात दिसत होता. स्ट्रेचरवरच्या बाबांची धाप वाढत होती, लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. “ॲम्ब्युलन्स... मूळ शब्द लॅटिन...”

उभी हयात इंग्रजी शिकवण्यात आणि दिसेल त्या शब्दाचं मूळ उकरण्यात गेलेली!

“बाबा, हात जोडते, आता तरी शिकवणी बंद करा!” लेक खेकसली.

“अर्थ... चालणे,” बाबा कसेबसे म्हणाले आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.



लेकीने खाडकन दार उघडलं. “ड्रायव्हरदादा, उतरा! स्ट्रेचरचं ते टोक धरा.”