खलनायक आडवा झाल्यावर

लहानूभाऊंनी आलापल्लीत पंधरा वर्षं व्हिडिओ हॉल चालवला. कराटेचे हसवणारे चिनी पिक्चर ही त्यांची खासियत. खलनायक आडवा झाला की ते लगेच कॅसेट काढत, कारण पुढच्या खेळाची गर्दी दारात उभी असायची.

यंदा त्यांना लकवा मारला. चालायचा सराव करताना एकदा अंगणात पडले आणि त्या दिवसापासून खाट सोडेनात. "लोकं हासतेत माह्यावर," एवढंच म्हणत.

मुलीनं, हर्षानं, त्यांच्या आवडत्या पिक्चरची नवी डीव्हीडी मागवली. खलनायक आडवा झाला तसा लहानूभाऊंचा हात सवयीनं रिमोटकडे गेला.

"राहू द्या न, बाबा."

पडद्यावर नावं सरकू लागली. बाजूला शूटिंगमधल्या चुका होत्या. हिरो शिडीवरून धाडकन पडला. सगळे हसले, कपाळ चोळत तोही हसला आणि पुन्हा शिडी चढला. पुन्हा पडला.

"हे नवीन टाकलं का वं?"

"पहिल्यापासूनच हाये, बाबा. तुमीच कोणाले पाहू देलं नाई."

लहानूभाऊ शेवटच्या नावापर्यंत बघत राहिले. मग त्यांनी पाय खाटेवरून खाली सोडले.

"काठी आण. अन् पडलो त जोरानं हासजो."