पहिला घाव

देवळाच्या मागच्या भिंतीत, बाळंतिणींना सांभाळणाऱ्या हाथोरदेवीचे दोन कान कोरलेले होते. आत फक्त पुजारी जात. गावाने आपलं सगळं त्या कानांतच सांगायचं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडं टेकून तिथला दगड गुळगुळीत झाला होता.

पेकुसी पाथरवट सकाळपासून छिन्नी घेऊन त्या कानांसमोर बसला होता. देवळाचं चर्च करायचं आतलं काम उरकलं होतं. मूर्ती नाईलमध्ये गेल्या, भिंतींना चुना लागला, दारावर क्रूस कोरून झाला. रविवारी बिशप पहिली प्रार्थना करायला येणार होते. कान तेवढे फोडायचे राहिले होते, आणि बाकीचे पाथरवट दुखण्याचं निमित्त करून घरी बसले होते.

नवे धर्मगुरू आपा शोई येऊन गेले. बाप्तिस्मा घेतलास, मग आता भितोस कुणाला, असं त्यांनी शांतपणे विचारलं. हात भरून आलेत, असं पेकुसीनं सांगितलं. बायकोचे दिवस भरत आलेत आणि आधीची दोन बाळं हाती लागली नाहीत, हे सांगितलं नाही.

दुपारी त्याची आई भाकरी घेऊन आली. थाएसीनं जन्मभर या देवळाचं अंगण झाडलं होतं. बाप्तिस्म्याचं नाव काढलं की ती अजूनही उठून जायची. ती नको म्हणेल, मग आपल्यालाही नाही म्हणता येईल, असं पेकुसीला वाटत होतं.

तिनं टोपली खाली ठेवली, भिंतीशी गेली आणि दगडाला तोंड लावून बराच वेळ बोलत राहिली.

"काय मागितलंस?" त्यानं विचारलं.

"मागायचं काय आता? मी फोडतेय म्हणून सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही."

"तिला काय कळणार नाही?"

"कळू दे की. मी तिच्याशी खोटं बोलले नाही कधी. आण ती छिन्नी इकडे."

हातोडा तिला पेलेना. तरी तिनं घाव घातला. पाळीचा टवका उडाला. मग दुसऱ्या कानावरही एक घाव घालून तिनं हत्यारं त्याच्या हातात दिली आणि आधी भाकरी खाऊन घे म्हणाली.

आपा शोईंनी हे लांबून पाहिलं. रविवारी भरल्या प्रार्थनेत त्यांनी थाएसीला पुढे बोलावलं. देवानं या म्हातारीचं मन एका दुपारात पालटलं, असं ते बिशपना म्हणाले. लोक माना उंचावून बघत होते. बिशपनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात पेकुसीला मुलगी झाली. लगेच रडली, दूधही प्यायली. सुनेनं हसत बाळ सासूपुढे धरलं.

थाएसीनं दोन्ही हात पदराआड घेतले.

"राहू दे तुझ्याजवळच," ती म्हणाली. "मी लांबून बघते."